‘मी थकलो आहे’ हे सांगणे हेही शील आहे





या वेळच्या अभ्यासपाठाचा विषय आहे विमान चालवणाऱ्यांचा थकवा आणि त्यांच्या मनाचे आरोग्य. धम्मवर्गात हा विषय कशाला, असे प्रथम वाटेल. पण आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे वर्षा-दोन वर्षांतून एकदा पंधरा-वीस तासांचा प्रवास करून मुंबई, नागपूर गाठतात. कोणी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर जातो, कोणी आजारी आईला भेटायला जातो. त्या प्रवासात आपण रात्रभर झोपतो आणि कॉकपिटच्या बंद दाराआड कोणीतरी आपल्यासाठी जागे असते. त्या माणसाला ‘मला झोप अनावर झाली आहे’ किंवा ‘माझे मन ठिकाणावर नाही’ असे खरे सांगता येते का? हा प्रश्न चौथ्या शीलाचा आहे, आणि तो कॉकपिटमधून निघून थेट आपल्या घरापर्यंत येतो.

१. एक अर्ज आणि तीन वाटा

अमेरिकेत प्रवासी विमानाच्या कॅप्टनला प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. वय चाळीसच्या आत असेल तर वर्षातून एकदा आणि त्यापुढे दर सहा महिन्यांनी तपासणी होते. तपासणीआधी फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनचा, म्हणजे एफएएचा, अर्ज भरावा लागतो. आयुष्यात कधीही नैराश्य, चिंता किंवा अन्य मानसिक विकार झाला होता का, असा त्यात एक प्रश्न आहे. गेल्या तीन वर्षांत कोणत्या डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकांकडे गेलात, हेही लिहायचे असते. खोटी माहिती दिली तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

समजा, एखाद्या वैमानिकाचे वडील गेले. झोप उडाली, जेवण जाईना, कशात मन लागेना. त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, डॉक्टरकडे जायचे आणि अर्जात खरे लिहायचे. मग तपासण्या, अहवाल आणि पत्रव्यवहार संपेपर्यंत कित्येक महिने जमिनीवर बसावे लागू शकते. घराचा हप्ता आणि मुलांची फी मात्र थांबत नाही. दुसरी वाट, उपचार घ्यायचे आणि अर्जात लपवायचे. हा गुन्हा आहे. तिसरी वाट म्हणजे डॉक्टरकडे जायचेच नाही. निदानच झाले नाही तर लिहिण्यासारखे काही उरत नाही.

अनेकजण ही तिसरी वाट धरतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील ३,७६५ वैमानिकांना विचारले गेले. त्यांतील ५६.१ टक्के लोकांनी सांगितले, की प्रमाणपत्र जाण्याच्या भीतीने त्यांनी कधी ना कधी वैद्यकीय मदत टाळली किंवा माहिती पुढे येऊ दिली नाही. त्याआधी २०१६ साली हार्वर्डच्या संशोधकांनी निनावी प्रश्नावली घेतली होती. नैराश्याचे प्रश्न सोडवणाऱ्या सुमारे १,८५० वैमानिकांपैकी १२.६ टक्के जण नैराश्याच्या निकषात बसले. ४.१ टक्के लोकांनी मागील दोन आठवड्यांत आत्महत्येचे विचार आल्याचे नोंदवले. नाव द्यायचे नव्हते, म्हणून त्यांना हे लिहिता आले.

आपण दर रविवारी पंचशील ग्रहण करतो. तिसऱ्या वाटेने जाणारा माणूस मुसावाद करतो का? त्याने तोंडाने खोटे उच्चारलेले नाही. पण खरे बोलायची वेळच येऊ नये, अशी त्याने आयुष्याची मांडणी करून घेतली आहे. त्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. खरे बोलण्याची इतकी मोठी किंमत कोणी ठरवली, हेही विचारावे लागते.

२. जागरण आणि पाचवे शील

मनाच्या दुखण्याचा आणि झोपेचा जवळचा संबंध आहे. मन खचले की झोप जाते आणि झोप गेली की मन आणखी खचते. वैमानिकाचे तर कामच झोपेच्या वेळा मोडणारे. आज पहाटे चारला हजर व्हायचे, परवा रात्रभर उडायचे, तेही वेगवेगळ्या टाइम झोनमधून. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचे घड्याळ सर्वांत मंद चालते. तेव्हा डोळे उघडे असले तरी मेंदू पुरता जागा असेलच, असे नाही.

१९९७ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांचा एक छोटा पण महत्त्वाचा लेख आला. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे त्यांना आढळले. अमेरिकेत वैमानिकाच्या रक्तात ०.०४ टक्के मद्य आढळले तरी त्याला विमान चालवता येत नाही. म्हणजे सतरा तास जागा असलेला वैमानिक थेंबही न घेता त्या मर्यादेपलीकडे गेलेला असू शकतो.

पाचव्या शीलात मद्याचा निषेध आहे तो कशासाठी? ते प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, कारण बनते म्हणून. बेसावधपणा बाटलीतून येवो की जागरणातून, परिणाम सारखाच होतो. फरक इतकाच, की पिऊन आलेल्याला आपण अडवतो आणि न झोपता आलेल्याची ‘किती कष्टाळू’ म्हणून पाठ थोपटतो.

३. बफेलोची रात्र

१२ फेब्रुवारी २००९ रोजी रात्री कोल्गन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान न्यूअर्कहून बफेलोला निघाले होते. ते न्यूयॉर्क राज्यातील क्लॅरेन्स सेंटर या वस्तीतल्या एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि घरातील एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, चौकशी केली. विमानाचा वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने उलट कृती केली, हे मुख्य कारण ठरले. पण चौकशीत आणखीही काही पुढे आले. को-पायलट आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानांनी देश ओलांडून न्यूअर्कला पोहोचली होती. कॅप्टनने कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत रात्र काढली होती. को-पायलटला सर्दीही झाली होती. आपण घरी असतो आणि असे वाटत असते तर आलोच नसतो, आता आजारी असल्याचे कळवले तर बरे होईपर्यंत हॉटेलचा खर्च अंगावर पडेल, अशा अर्थाचे तिचे बोलणे रेकॉर्डरवर सापडले. थकव्याने दोघांच्या कामावर बहुधा परिणाम झाला होता, पण नेमका किती ते ठरवता येत नाही, असे मंडळाने नोंदवले.

हॉटेलचे भाडे परवडत नाही म्हणून आजारी माणूस कामावर येतो. ही गोष्ट आपल्यापैकी कोणाला अनोळखी आहे? आपल्या आई-वडिलांनी अंगात ताप घेऊन पाटी उचलली आहे, गिरणीत पाळी भरली आहे, कारण एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल.

मृतांच्या कुटुंबीयांनी दुःख घरात कोंडून ठेवले नाही. ते संघटित झाले, पुन्हा पुन्हा वॉशिंग्टनला गेले, खासदारांच्या दारात बसले. ऑगस्ट २०१० मध्ये विमान सुरक्षेचा नवा कायदा झाला आणि त्यातून ४ जानेवारी २०१४ पासून विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. ड्युटीआधी किमान १० तास विश्रांती आणि त्यात सलग ८ तास झोपेची संधी. आठवड्यात सलग ३० तास पूर्ण मोकळे. प्रत्येक उड्डाणाआधी ‘मी कामास योग्य आहे’ अशी नोंद वैमानिकाने करायची, आणि तो थकल्याचे सांगत असेल तर कंपनीने त्याला उडवायचे नाही.

या नियमांतून मालवाहू विमाने वगळली गेली. नियम जाहीर झाले होते पण लागू व्हायचे होते, अशा काळात १४ ऑगस्ट २०१३ रोजी पहाटे अलाबामातील बर्मिंगहॅम येथे यूपीएसचे मालवाहू विमान कोसळले आणि दोन्ही वैमानिक गेले. आपल्याला हे नियम लागू नाहीत, याबद्दल ते दोघे त्याच प्रवासात बोलत होते. त्यांचे ते बोलणे रेकॉर्डरवर राहिले. माणूस खोके वाहतो की प्रवासी, यावर त्याची झोप कमी-जास्त लागत नाही. पण नियमाने तसा भेद केला आणि तो आजही आहे.

४. लपवलेले मन

२४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचे विमान फ्रान्समधील आल्प्स पर्वतात को-पायलटने हेतुपुरस्सर पाडले. १५० जीव गेले. फ्रेंच चौकशी अहवालानुसार तो गंभीर मानसिक आजाराने ग्रस्त होता आणि त्याने ते कंपनीपासून लपवले होते. उडण्याचा परवाना जाण्याची भीती आणि उत्पन्न थांबण्याची भीती, ही त्या लपवण्यामागची संभाव्य कारणे अहवालात दिली आहेत.

ही घटना सांगताना सावध राहिले पाहिजे. नैराश्य असलेला माणूस इतरांना धोकादायक असतो, हा समज चुकीचा आहे. अशा घटना अत्यंत विरळ आहेत. नैराश्याने त्रासलेली असंख्य माणसे रोज इमानाने काम करतात, आणि धोका असलाच तर तो बहुधा त्यांच्या स्वतःच्या जिवाला असतो. धडा एवढाच, की शिक्षेच्या भीतीने आजार बरा होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

अमेरिकेतच २२ ऑक्टोबर २०२३ रोजी एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानात, कॉकपिटच्या जादा आसनावर बसलेल्या, ड्युटीवर नसलेल्या एका वैमानिकाने इंजिने बंद करणारे दांडे ओढण्याचा प्रयत्न केला. कर्मचाऱ्यांनी त्याला आवरले आणि विमान पोर्टलंडला सुखरूप उतरले. तो जवळच्या मित्राच्या मृत्यूनंतर खचलेला होता, त्याने दोन दिवसांपूर्वी नशा आणणारी अळंबी खाल्ली होती आणि जवळजवळ ४० तास त्याला झोप नव्हती, असे नंतर पुढे आले. नोकरी जाईल या भीतीने त्याने औषधोपचार टाळले होते. दुःख, जागरण, भीती आणि नशा हे चारही इथे एका माणसात एकत्र आलेले दिसतात.

यानंतर हालचाल वाढली. डिसेंबर २०२३ मध्ये एनटीएसबीने विमानक्षेत्रातील मानसिक आरोग्यावर परिषद घेतली. एफएएने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२४ मध्ये २४ शिफारशी केल्या. साध्या समुपदेशनाची माहिती देण्याची सक्ती नसावी, सहकाऱ्यांच्या आधारगटांना बळ द्यावे, अशा त्यांतील काही आहेत. नैराश्यावरची चार औषधे घेत असताना विशेष परवानगीने उडण्याची मुभा तर २०१० पासूनच आहे, आणि अलीकडे ती यादी वाढवली गेली आहे. दारूच्या आहारी गेलेल्या वैमानिकांसाठी १९७० च्या दशकापासून ‘हिम्स’ नावाचा कार्यक्रम चालतो. उपचार, देखरेख आणि सहकारी वैमानिकांची सोबत यांच्या बळावर हजारो जण कामावर परतले आहेत. शिक्षेऐवजी सोबत दिली तर माणूस खरे सांगतो, याचा हा पन्नास वर्षांचा पुरावा आहे.

५. मायदेशातली बाजू

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळुरूला धावपट्टीपलीकडे दरीत कोसळले. १५८ जण गेले, आठ वाचले. रात्रीच्या त्या प्रवासात कॅप्टन दीड तासाहून अधिक काळ झोपलेला होता. झोपेतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा मेंदू काही काळ जडच असतो, हे चौकशीत नोंदले गेले.

भारतात डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम आणले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली आणि रात्रीच्या वेळी करायच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आणली. हे नियम लांबत लांबत १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले. त्यांसाठी पुरेशी तयारी नसल्याने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नेमक्या महापरिनिर्वाण दिनाच्या सुमारास, इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि डीजीसीएला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांचा राग समजण्यासारखा होता. पण ते नियम आपल्याला छळण्यासाठी केलेले नव्हते. आपले विमान उतरवणारा माणूस जागा असावा, म्हणून ते होते.

६. तथागतांची पाठ

आता सुत्तांकडे वळू. चार प्रसंग आठवू.

पहिला कपिलवस्तूचा. शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते आणि त्यांनी भगवंतांना तिथे आमंत्रित केले. रात्री उशिरापर्यंत उपदेश झाला. मग भगवंतांनी आनंदाला सांगितले, की माझी पाठ दुखते आहे, पुढचा उपदेश तू कर. आणि संघाटी अंथरून ते उजव्या कुशीवर पहुडले. आपले सर्व आप्त समोर बसलेले असताना शास्त्याने आपला थकवा झाकला नाही. काम थांबले नाही, कारण ते हाती घेणारा दुसरा तयार होता. लांब पल्ल्याच्या विमानात जादा वैमानिक असतात ते याच कारणासाठी.

दुसरा प्रसंग सोण कोळिविसाचा. चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि तरी मन मुक्त होईना, म्हणून तो निराश झाला. तो पूर्वी वीणा वाजवत असे. भगवंतांनी त्याला वीणेच्याच तारांबद्दल विचारले. फार ताणलेली तार नीट वाजत नाही आणि सैल तारही वाजत नाही. वीर्यही असेच समतोल असावे लागते. कष्ट कमी पडले म्हणून सोण अडला नव्हता, अतिरेकाने अडला होता.

तिसरा प्रसंग सेदक गावी सांगितलेल्या डोंबाऱ्याचा. बांबूवर कसरत करणारा गुरू शिष्येला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्या म्हणते, नाही, तुम्ही स्वतःचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळते, म्हणजे दोघे सुखरूप उतरू. भगवंतांनी तिचे म्हणणे उचलून धरले आणि त्याला पूर्णही केले. जो स्वतःला जपतो तो इतरांना जपतो, आणि जो इतरांना क्षमेने, मैत्रीने जपतो तो स्वतःलाही जपतो. दोन वैमानिकांच्या कॉकपिटला याहून नेमकी उपमा सापडणे कठीण.

चौथा प्रसंग आजारी भिक्खूचा. अतिसाराने तो स्वतःच्या घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली. मग संघाला जाणीव दिली, की इथे तुम्हाला आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा करायची. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आवर्जून घेतला आहे. परदेशात राहणाऱ्या आपल्याला तो जास्तच लागू पडतो. आपलेही आई-वडील इथे नाहीत.

या चार प्रसंगांचा अर्थ एकत्र घेतला तर आजच्या विषयाचे सार हाती येते. आपला थकवा खरेपणाने सांगणे हे शील आहे. ते पाळता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे, ही मात्र एकट्याची जबाबदारी नाही, ती संघाची आहे. आजारी भिक्खूने हाक मारली नाही म्हणून भगवंतांनी त्याला बोल लावला नाही. जे फिरकले नाहीत त्यांना विचारले.

७. अठरा तास आणि अठ्ठेचाळीस तास

आपल्या समाजात एक आकडा फार प्रिय आहे. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत. जयंतीला कितीतरी ठिकाणी सलग अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात. त्यामागचा आदर खरा आहे. पाण्याला स्पर्श करू न दिलेल्या समाजातला एक विद्यार्थी १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचतो आणि मिळालेला प्रत्येक तास वसूल करतो. ती त्या काळाची निकड होती.

पण तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा त्यांनी देशातल्या कामगारांना अठरा तास राबायला सांगितले नाही. कारखान्यांतील कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळावा, यासाठी त्यांनी विधेयक पुढे नेले. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. अठरा तास हा त्यांचा स्वतःचा त्याग होता, अठ्ठेचाळीस तास हा त्यांनी इतरांना दिलेला हक्क. आपण त्याग तेवढा मिरवतो आणि हक्क विसरतो.

त्या त्यागाची किंमत त्यांच्या शरीराने मोजली, हेही आपल्याला ठाऊक आहे. मधुमेह, रक्तदाब, पायांच्या असह्य वेदना. आणि त्यांनी ते लपवले नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या चढउताराच्या आजारपणाचा त्यांनी मोकळेपणाने उल्लेख केला आणि माईसाहेब व डॉ. मालवणकर यांच्यामुळे आपण तगलो, अशी कृतज्ञता व्यक्त केली. बोधिसत्त्वाला जे सांगायला संकोच वाटला नाही, ते सांगायला आपल्याला का वाटावा?

८. आपल्या घरात

आपल्यातले काहीजण विमान चालवतात, काहींची मुले फ्लाइंग स्कूलमध्ये आहेत. बाकीचे रात्रपाळीच्या नर्स आहेत, ट्रक चालवतात, किंवा लॅपटॉप उशाशी घेऊन ऑन-कॉल झोपतात. अनेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर देश सोडावा लागेल, ही भीती वैमानिकाच्या प्रमाणपत्राच्या भीतीहून वेगळी नाही. त्यावर आपल्यापुरते आणखी एक ओझे आहे. ‘घराण्यातला पहिला’ असण्याचे. ज्याच्यासाठी गावाकडे दागिने मोडले, त्याने ‘मला सहन होत नाही’ असे कोणाला सांगायचे?

आणि लपवत जगण्याचा थकवा आपल्याला नवा नाही. आडनाव विचारले की काय सांगायचे, डब्याचा विषय निघाला की गप्प राहायचे, हे परदेशातही अनेकांनी केले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातिभेदाला कायद्याने बंदी केली, ती याच लपवाछपवीतून काही माणसे बाहेर येऊन बोलली म्हणून. जात लपवावी लागणे हा अन्याय आहे, हे ज्याला कळते त्याला दुखणे लपवावे लागणे हाही अन्याय आहे, हे समजावून सांगावे लागू नये.

काही साध्या गोष्टी आपल्या हाती आहेत:

• घरी फोन केला की ‘जेवलास का?’ विचारतो, तसे ‘झोप झाली का?’ हेही विचारावे. उत्तर ऐकून लगेच उपदेश करू नये.

• भारतातून वीस तासांचा प्रवास करून आलेल्याने विमानतळावरून स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नये. जवळच्या कुटुंबाने आणायला जावे. हे दान आहे आणि याला पैसे लागत नाहीत.

• विहारात किंवा मंडळात दोन-तीन जणांनी ऐकून घेण्याचे प्रशिक्षण घ्यावे. अमेरिकेत ‘मेंटल हेल्थ फर्स्ट एड’चे वर्ग मिळतात. ऐकलेली गोष्ट बाहेर जाणार नाही, याची हमी पाळली तरच लोक बोलतील.

• ज्यांची मुले वैमानिक होऊ पाहतात, त्यांनी भीतीपोटी मुलाचा उपचार थांबवू नये. विमानक्षेत्रातील वैद्यकीय नियम जाणणाऱ्या डॉक्टरचा आणि वैमानिक संघटनेच्या आधारगटाचा सल्ला घ्यावा. खरे सांगून परतण्याच्या वाटा आहेत आणि त्या वाढत आहेत.

• ध्यानाने मन स्थिर होते, पण ते औषधाची जागा घेत नाही. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात. तिथेही खरे लिहावे. डॉक्टरने दिलेली गोळी ‘साधनेने बरे होईल’ म्हणून बंद करू नये.

• जीव नकोसा वाटत असेल, किंवा कोणाबद्दल तशी शंका असेल, तर अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर रात्री-अपरात्री कधीही फोन किंवा मेसेज करता येतो. भारतातील नातेवाइकांसाठी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. नंबर फोनमध्ये आजच साठवून ठेवावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. गप्प राहून सत्य टाळणे हा चौथ्या शीलाचा भंग आहे का? खरे बोलल्याने पोट जाणार असेल तर जबाबदारी कोणाची?

२. प्रमाद फक्त नशेतून येतो का? आपल्या आठवड्यात तो कुठून येतो?

३. आपल्या मुलांना आपण अठरा तासांची गोष्ट सांगतो. अठ्ठेचाळीस तासांची गोष्ट कधी सांगितली आहे का?

४. कपिलवस्तूला आनंद तयार होता. आपल्या घरात, आपल्या मंडळात, आपण थकलो तर काम हाती घेणारा कोण आहे? आणि आपण कोणासाठी तसे आहोत?

पुढच्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे या प्रश्नांसाठी ठेवावीत, अशी विनंती. सुरुवात मंडळातील ज्येष्ठांनी करावी. एखाद्या काकांनी किंवा मावशींनी सर्वांसमोर ‘गेला महिना मला झोप लागत नाही’ एवढे सांगितले, तर मागे बसलेल्या तरुण मुलाला आपले सांगणे सोपे जाईल.

मंगल कामनांसह,
जय भीम! नमो बुद्धाय!